पहिला वस्तरा: धार लावायला १०००/६००० चा दगड पुरतो का?

कोथरूडचा_बाळ्या

नमस्कार मंडळी,

पाच पात्यांच्या कार्ट्रिजचे भाव बघून डोकं फिरलं आणि एकदाचा जुना वस्तरा मागवला, म्हणजे सलूनमध्ये अर्धं ब्लेड घालतात तो नाही, खराखुरा, घडीचा, पातं कायमचं असलेला. जर्मनीतल्या सोलिंगेनचा आहे, पाच अष्टमांश इंच रुंद. ऑनलाइन विकणाऱ्याने 'शेव्ह रेडी' असं ठोकून लिहिलं होतं. हातावरचे केस साफ उडतात, पण गालावर लावला की केस कापायच्या ऐवजी ओढतो, डोळ्यातून पाणी येतं.

घरात सुऱ्यांसाठी आणलेला १०००/६००० चा जपानी कॉम्बिनेशन दगड आहे (एक बाजू १००० ग्रिटची, दुसरी ६००० ची; आकडा मोठा तितका दगड बारीक). एवढ्यावर भागेल का? नेटवर सगळे म्हणतात १२००० पाहिजे, आणि त्याची किंमत बघितली तर त्यात दहा वर्षांची कार्ट्रिजं येतील. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

बिनपाण्याने होणं म्हणजे काय ते आता प्रत्यक्ष कळलं असेल 😄

पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

पोलादी

टूलरूममध्ये आयुष्य गेलं म्हणून लिहितो, जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, हातावरचे केस उडाले यावरून काहीही कळत नाही. १००० च्या दगडावरून उतरलेली धारसुद्धा हातावरचे केस उडवते. गालावरचा भिजलेला खुंट आणि हातावरची लव यात फरक आहे.

दुसरी, वस्तऱ्याला कोन तुम्ही द्यायचाच नसतो. सुरीला आपण हाताने कोन धरतो, इथे पातं दगडावर सपाट झोपवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेली. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यातून कोन आपोआप ठरतो. तुमचं पातं साधारण १६ मिमी रुंद, पाठ साडेचार मिमी धरली तर दोन्ही बाजू मिळून १६ अंशाच्या आसपास येतो. म्हणजे बनवणाऱ्याने जिग (कोन धरून ठेवणारा साचा) पात्यातच घालून दिलंय. आपण पाठ उचलायची नाही एवढंच.

तिसरी आणि खरी गोष्ट. लोक १२००० च्या मागे लागतात आणि १००० वर कंटाळतात. सगळं काम १००० वर आहे. धारेच्या दोन्ही बाजूंचे उतार बुडापासून (मुठीकडची बाजू) टोकापर्यंत एकमेकांना भिडले पाहिजेत, ते भिडले नसतील तर वर ८००० लावा, १२००० लावा, तुम्ही फक्त न भिडलेले उतार चकचकीत करताय. हे तपासायला साधा काळा परमनंट मार्कर घ्या, धारेच्या कडेला दोन्ही बाजूंनी फासा, आणि दगडावर अलगद दोन हात मारा. शाई जिथे राहिली तिथे दगड पोचलेला नाही. दहापट भिंगातून बघा.

चौथं, दगड सपाट आहे का? सुऱ्या घासून मधे खड्डा पडलेला असणारच. पेन्सिलीने चौकटी आखा, जाड काचेवर वॉटर पेपर ठेवा, पाणी टाकून दगड त्यावर घासा, सगळ्या रेघा जाईपर्यंत. हे न करता वस्तरा लावू नका.

खडूस काका

आली मंडळी अंश आणि मिमी घेऊन. आमच्या वडिलांकडे एकच दगड होता, साबणाच्या वडीएवढा, आणि एक चामडी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवलेला. भिंग नाही, मार्कर नाही. रोज सकाळी सात वाजता गुळगुळीत. जिलेटने १९०३ मध्ये सेफ्टी रेझर विकायला काढला त्या वर्षी खपले किती, तर ५१, पाती १६८. त्याआधी अख्खी दुनिया वस्तऱ्यानेच करत होती, तेव्हा कोण मायक्रॉन मोजत बसलं होतं?

पोलादी

काका, तो साबणाच्या वडीएवढा दगड म्हणजे बार्बर्स होन. तेव्हा युरोपातून खूप यायचे, मारिबोरचे (आता स्लोव्हेनियात) प्रसिद्ध होते. तो कारखान्यात बनवलेला बारीक दगडच आहे, वडिलांना ग्रिटचा आकडा माहीत नसेल, दगडाला माहीत होता 😄 आणि ते लागलेली धार टिकवत होते. बाळ्याकडे लागलेली धारच नाहीये.

खडूस काका

बरं. हे मान्य.

(दगड अजून आहे माझ्याकडे. देणार नाही, विचारू नका.)

साताऱ्याचं_सलून

या विषयावर मी बोलायला पायजे कारण आमचा हा पिढीजात धंदा. आजोबांची धोकटी अजून दुकानात काचेच्या कपाटात ठेवलीय, त्यात दोन वस्तरे, नराणी, वाटी, दगड. आजोबा बलुत्यावर काम करायचे, सुगीला धान्य मिळायचं, वर्षभर सगळ्या घरच्या दाढ्या-डोकी. म्हणजे दिवसाला किती डोकी त्या वस्तऱ्याखालनं जात असतील विचार करा, आणि दगड ते रोज काढत नव्हते. रोज फक्त पट्टा. पट्टा नसला तर तळहात. तळहाताच्या गादीवर असा सट्‌सट् फिरवायचे, बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. (कुणी करून बघू नका, मीपण करत नाही.)

आता आमच्या दुकानात कुणालाच पाजळता येत नाही. एड्सची जागृती सुरू झाली नव्वदच्या दशकात, तेव्हापासून गिऱ्हाईकच म्हणायला लागलं की नवीन ब्लेड माझ्यासमोर घाला. बरोबरच आहे ते. एक ब्लेड मधे मोडायचं, अर्धं एकाला, अर्धं दुसऱ्याला, झालं की फेकायचं. त्यामुळे बाळ्याभाऊ, कुठल्याही सलूनमध्ये 'धार लावून द्या' म्हणून जाऊ नका, पोरं तोंडाकडे बघतील.

माझा प्रश्न वेगळाच आहे. तुम्ही पट्टा मारता का? आणि गालावर धरता कसा? पाठ गालापासून किती लांब ठेवता? पातं फार उभं धरलं तर चांगला लागलेला वस्तरापण ओरबाडतो. पाठीच्या दोन जाडी एवढंच अंतर ठेवायचं, तीसेक अंश होतात. कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरायची. आजोबा शिकाऊ पोराच्या हातात दगड द्यायचेच नाहीत, आधी पट्टा, मग फुग्यावर साबण लावून दाढी, मग माणूस, दगड सगळ्यात शेवटी.

कोथरूडचा_बाळ्या

@साताऱ्याचं_सलून, दादा पट्टा म्हणजे... माझा ऑफिसचा बेल्ट आहे जुना, त्यावर घासला होता. सुरी घासतो तसा, धार पुढे करून.

चहाबाज

बेल्ट गेला ना? 😂

कोथरूडचा_बाळ्या

गेला. मधे छान चीर पडलीय.

साताऱ्याचं_सलून

अहो पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे! दगडावर धार पुढे. आणि परतताना पातं पाठीवर उलटायचं, धारेवरनं उलटलं की धार गोल झाली म्हणून समजा. पट्टा ताणून धरा, सैल पडला की पुन्हा तेच, धार गोल. आधी कापडी बाजूवर वीस-तीस वेळा, मग चामड्यावर पन्नास-साठ. दाब अजिबात नाही, पात्याचं वजन तेवढंच.

पिंपळपान

विनोद म्हणून नाही, खरंच विचारते. आमच्या गल्लीत सायकलवाला येतो चाकू-सुऱ्यांना धार लावायला, पेडल मारून चाक फिरवतो. त्याच्याकडे का देत नाही? वीस-तीस रुपयांत काम.

पोलादी

@पिंपळपान ताई, विळीला उत्तम. वस्तऱ्याला नको. पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं, धारेजवळ कागदासारखं पातळ. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या की क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. कडेला निळसर झाक दिसली तर तेवढा भाग मेला, मग कितीही पाजळा, धार टिकत नाही. शिवाय चाकावर पाठ आणि धार एकदम टेकणार कशी? पाच मिनिटांत शंभर वर्षांच्या वस्तऱ्याचं वाटोळं.

राईनकाठचा

ड्युसेलडॉर्फहून लिहितोय, सोलिंगेन इथून अर्ध्या तासावर. ग्रेफ्राथ नावाच्या जुन्या भागात पात्यांचं म्युझियम आहे, तलवारींपासून जेवणाच्या काट्या-सुऱ्यांपर्यंत, वस्तऱ्यांची कपाटंच्या कपाटं. कधी आलात तर चुकवू नका. 'सोलिंगेन' हा शब्द पात्यावर कोणीही मारू शकत नाही, १९३८ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. अर्थात नकली माल बनवणारे कायदा वाचत नाहीत, तेव्हा पात्याच्या मुळाशी कारखान्याचा शिक्का बघा, नुसतं सोलिंगेन लिहिलंय आणि बनवणाऱ्याचा पत्ता नाही असं असेल तर जरा शंका घ्या.

दगडांबद्दल: मी बेल्जियमचा कोटिक्युल वापरतो. आर्देनच्या डोंगरात व्हिएलसाल्मजवळ निघतो, पिवळट रंगाचा, त्यात गार्नेट या कडक खनिजाचे सूक्ष्म कण असतात. गंमत अशी की एकच दगड सगळं काम करतो. वर छोट्या तुकड्याने घासून दुधासारखं पाणी काढलं की तो झपाट्याने खातो, आणि मग थेंब थेंब साधं पाणी घालत ते पातळ करत गेलं की मऊ होत जातो. शेवटी नुसत्या पाण्यावर. पण बाळ्याला हा घे म्हणणार नाही. महाग आहे, आणि प्रत्येक दगडाची तऱ्हा वेगळी, पहिल्यांदा शिकताना गोंधळ नको.

माझा सल्ला एकच, आणि तो वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळा आहे. धार लावायला आणि दाढी करायला एकाच वेळी शिकू नका. ओढतोय तो दगडामुळे, पट्ट्यामुळे, कोनामुळे की साबण नीट न भिजवल्यामुळे हे कळणारच नाही. एक वस्तरा कुणा जाणत्याकडून लावून घ्या, महिनाभर त्याने करा. मग गालाला समजेल की धार म्हणजे काय, आणि मग दुसऱ्या वस्तऱ्यावर दगड चालवा.

पोलादी

@राईनकाठचा, पूर्ण सहमत. पण भारतात लावून देणारा मिळणं हाच प्रश्न आहे. दोन-चार शौकीन आहेत, कुरिअरने करून देतात. बाळ्या, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

मायक्रोटोम मावशी

इतके दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही. मी दाढी करत नाही 🙂 पण आयुष्यभर वस्तऱ्याहून मोठी पाती पाजळली आहेत.

हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये होते. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून त्याचे तीन-चार मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पापुद्रे काढायचे, त्याला मायक्रोटोम लागतं आणि त्याची पोलादी सुरी चांगली जाडजूड, वीतभर लांब असायची. आता फेकायची ब्लेडं आली, पण आम्ही लागलो तेव्हा सुरी हातानेच पाजळायची. जाड काचेची प्लेट, त्यावर अ‍ॅल्युमिनाच्या भुकटीची पेस्ट, आणि सुरीच्या पाठीवर एक अर्धगोल धातूची नळी चढवायची, म्हणजे कोन कायम राहावा. पोलादींनी जे सांगितलं तेच, फक्त आमच्या सुरीला पाठ वेगळी लावावी लागे. मग चामड्याचा पट्टा. आणि मग सुरी मायक्रोस्कोपखाली. धारेवर एक जरी खाच राहिली की पापुद्र्यावर उभी रेघ उमटायची, डॉक्टर स्लाइड परत पाठवायचे.

तर माझा मुद्दा, खाच. बाळ्या, मार्कर ठीक आहे, पण आधी धार दिव्यासमोर आडवी न धरता थेट डोळ्यासमोर उभी धरून बघा, वरून दिवा. चांगली धार दिसतच नाही, काळी रेघसुद्धा नाही. जिथे पांढरा ठिपका चमकतो तिथे धार बोथट आहे किंवा खाच आहे. ठिपके असतील तर ते जाईपर्यंत १००० वरून उठायचं नाही. आणि प्रत्येक वेळी दगड बदलताना पातं आणि हात दोन्ही धुवा. १००० चा एक कण ६००० वर गेला की सगळं मुसळ केरात.

चहाबाज

दंडवत मावशी 🙏 धाग्याचं सोनं झालं.

खडूस काका

याला म्हणतात अनुभव. बाकीचे उंटावरून शेळ्या हाकतायत.

दर्यावर्दी_रत्नांग्री

एक कोकणी सूचना. लावाल हो धार, टिकवाल कशी? ही पाती हाय कार्बन पोलादाची, पावसाळ्यात आमच्याकडे रात्रीत तांबेरा चढतो. बाथरूममध्ये ठेवायचा नाही, कधीच नाही. दाढी झाली की पुसा, मुठीच्या दोन फळ्यांच्या मधल्या फटीतलं पाणी टिश्यूने टिपा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने लावा. खोबरेल लावू नका, चिकट होतं. डब्यात सिलिका जेलची पुडी.

आणि मूठ जुन्या सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लॅस्टिक) असेल तर सांभाळा. ते सडायला लागलं की त्यातनं आम्ल वाफ निघते आणि पातं घडी केलेल्या जागी आतनं गंजतं. तेल लावूनसुद्धा. बाळ्या, मूठ कसली आहे?

कोथरूडचा_बाळ्या

पिवळट पांढरी आहे, गुळगुळीत. विकणाऱ्याने 'आयव्हरी कलर' लिहिलं होतं.

राईनकाठचा

कलर असेल तर बरं! खरा हस्तिदंत असेल तर भारतात त्याचा व्यापार पूर्ण बंद आहे, वन्यजीव कायद्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनंतर बाहेरून आलेल्या हस्तिदंताचाही. भिंगातून कडेची बाजू बघा, हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषांची जाळी दिसते. सगळीकडे एकसारख्या समांतर रेघा असतील तर सेल्युलॉइड, काळे बारीक ठिपके असतील तर हाड.

कोथरूडचा_बाळ्या

समांतर रेघा. सेल्युलॉइड. हुश्श. वेगळ्या डब्यात ठेवतो.

चहाबाज

वनखात्याची गाडी कोथरूडला पोचली होती, यू-टर्न मारायला सांगतो.

आवेग

मधेच बोलतो. एवढा उपद्व्याप कशासाठी? केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ. एकदा धार लागली की वर्षभर चालायला पाहिजे.

पोलादी

@आवेग, हाच प्रश्न अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी घेतला होता, २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. केस पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ, तरी ब्लेडची धार उडते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाढी करून बघितली त्यांनी. धार झिजून गोल होण्याआधी तिचे टवके उडतात, केस वाकला आणि पोलादाच्या आत जिथे कमी-जास्त कडक भाग शेजारी असतात नेमका तिथे लागला की. वस्तरा निदान पट्ट्यावर आणि दगडावर परत घेता येतो.

कोथरूडचा_बाळ्या

मंडळी, अपडेट.

काच, वॉटर पेपर घेऊन दगड सपाट केला. मधे खरंच खड्डा होता, पेन्सिलीच्या रेघा मधल्या जायलाच तयार नव्हत्या. मार्कर लावून बघितला तर टोकाकडे शाई साफ आणि बुडाकडचा बोटभर भाग जसाच्या तसा काळा. मावशींनी सांगितलं तसं दिव्याखाली धरलं तर तिथेच ओळीने पांढरे ठिपके. म्हणजे 'शेव्ह रेडी'वाल्याने बुडाला दगड लावलाच नव्हता. आता काय? तिथे जोर देऊ?

पोलादी

जोर बिलकुल नको, पातं वाकतं आणि पाठ जास्त झिजते. दगड अडीच इंच रुंद, पातं तीन इंच लांब, म्हणून सरळ ओढून चालत नाही. बूड दगडावर ठेवून सुरू करा आणि तिरकं सरकत टोकावर संपवा, दोन्ही बाजू मिळून फुलीचा आकार होतो. बुडाशी दांड्याचा जाड खांदा दगडावर चढतोय का बघा, चढत असेल तर तोच पातं उचलून धरतोय. तसं असेल तर पातं थोडं तिरपं धरा, बूड पुढे, म्हणजे खांदा दगडाच्या बाहेर राहील. पाठीवर इलेक्ट्रिकल टेपचा एक थर लावा, पाठ वाचेल. कोन एखाद अंशाने वाढतो, काही बिघडत नाही.

राईनकाठचा

टेपला माझा विरोध. बनवणाऱ्याने पाठ धारेबरोबर झिजावी म्हणूनच तशी बनवलीय. कायम टेप लावून पाजळाल तर वर्षानुवर्षं पातं अरुंद होत जाईल, पाठ तशीच, कोन बोथट.

पोलादी

आणि टेप नसताना शिकाऊ माणूस पहिल्याच दिवशी पाठीला नागडी सपाट पट्टी पाडून ठेवतो ती? हात बसेपर्यंत टेप, नंतर काढा. संपला विषय.

राईनकाठचा

संपला नाही, पण धागा बाळ्याचा आहे म्हणून गप्प बसतो.

कोथरूडचा_बाळ्या

टेप लावली (राईनकाठचा, माफ करा). खांदाच चढत होता. आता मार्कर सगळीकडून जातो, ठिपके गेले, टोमॅटोची साल नुसतं टेकवून कापली जाते, ओढावं लागत नाही. मग ६०००, मग नवा पट्टा येईपर्यंत 'सकाळ' टेबलाच्या कडेला ताणून त्यावर.

गालांवर सुरेख चालला. हनुवटीवर आणि ओठांखाली अजून ओढतो. तर परत मूळ प्रश्न. ६००० पुरतो की नाही?

मायक्रोटोम मावशी

गालाला पुरला, हनुवटीला नाही, उत्तर तुम्हीच दिलंत. पण हनुवटीचे केस राठ असतात, तिथे साबण जास्त वेळ भिजवा आधी. कोमट पाणी, दोन-तीन मिनिटं ब्रश.

पोलादी

८००० ही खालची मर्यादा धरतात बहुतेक लोक. पण मोठा दगड घेऊ नका. लॅपिंग फिल्म (बारीक घासणाऱ्या कणांची प्लॅस्टिकची शीट) मिळते, एक मायक्रॉनची, अ‍ॅक्रिलिकच्या जाड तुकड्यावर पाण्याने चिकटवायची, वस्तरा अलगद दहा-बारा फेऱ्या. एक शीट खूप पुरते. फिल्मवर धार पुढेच, पण दाब शून्य, नाहीतर फिल्म फाटेल. किंवा क्रोमियम ऑक्साइड, ती हिरवी पॉलिशची वडी, अर्ध्या मायक्रॉनची असल्याची खात्री करून घ्या कारण हार्डवेअरच्या दुकानातली स्टीलचे डबे चमकवायची असते, तिच्यात वाटेल ते असतं. जुन्या जीन्सच्या सपाट तुकड्यावर पातळ फासून पाच-सहा वेळा, पाठ पुढे. बोहरी आळीत अ‍ॅक्रिलिकचे तुकडे वजनावर मिळतील. हे करा, १२००० विसरा.

साताऱ्याचं_सलून

आणि हनुवटीला पहिले काही आठवडे साधा रेझरच वापरा हो. गाल आणि कल्ले वस्तऱ्याने. कुणी बघायला येत नाही. नंतर तुरटी फिरवा, जिथे चुरचुरेल तिथे हात चुकतोय.

कोथरूडचा_बाळ्या

फिल्म मागवली. पट्ट्यासाठी कोणी सुचवा, ऑनलाइनचे एकतर फार महाग नाहीतर रेक्झिन वाटतात.

पंचगंगा

कोल्हापूरला या की! चपला बनवणाऱ्या कारागिरांकडनं पट्टी कापून घ्या, झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं असतंय, क्रोमच्या रसायनानं कमावलेलं नव्हे, पट्ट्याला तेच लागतंय. मी घेतलाय तसा. फक्त तेल न लावलेलं मागा आणि रुंदी तीन इंच सांगा, म्हणजे तिरकं ओढायची भानगड नको. लांबी दोन फूट तरी. आल्यावर आठ-दहा दिवस रोज तळहाताने चोळायचं, मऊ होतंय.

कोथरूडचा_बाळ्या

पुढच्या महिन्यात येतोय अंबाबाईला. व्यनि करतो.

आवेग

दोन घ्या. पैसे पाठवतो.

चहाबाज

@आवेग, तुम्ही तर वर्षभर धार टिकते म्हणत होता 😄